वडोदरा: मंडळाच्या जुन्या नाटकांसाठी स्वतःचा व्हिडिओ सर्व्हर (पीअरट्यूब, डॉकरवर). निम्म्यात अडलोय

जुनीपोळ
९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, कारण अडचणी एकात एक गुंतल्यात.

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या कपाटात ६२ मिनीडीव्ही कॅसेट आणि जवळजवळ तेवढ्याच व्हीएचएस पडून होत्या. संगीत नाटकं, गणपतीतली कीर्तनं, कोजागिरीची गाणी. मिनीडीव्ही मी उन्हाळ्यात भाच्याच्या जुन्या कॅमेऱ्यातून फायरवायरने उतरवल्या. तासाला १३ जीबी, म्हणजे सगळं मिळून ८०० जीबीच्या घरात. व्हीएचएस अजून व्हायच्यात, त्यातल्या चारपाचांना बुरशी लागलीय.

आधी एका मोठ्या फुकट साइटवर दोन नाटकं चढवून पाहिली. आठवड्याभरात आमच्याच काकांनी ऑर्गनवर वाजवलेल्या पदावर कुठल्याशा कंपनीने हक्क सांगितला आणि तेवढ्या भागाचा आवाज गेला. काका जोरात पाय मारतायत, नट तोंड उघडतोय, आणि शांतता. तक्रार केली तर उत्तरही यंत्रानेच दिलं. मग बैठकीत ठरलं की आपलं आपण ठेवायचं. "तू कंप्युटरवाला ना?" एवढ्यावर काम माझ्या गळ्यात. मी मकरपुऱ्यात एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. घरी लिनक्स आहे, एवढाच गुन्हा.

पीअरट्यूब निवडलं, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची यूट्यूबसारखी साइट. २ कोअर, ४ जीबी रॅमचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घेतला, त्यावर उबुंटू. अधिकृत कंपोज फाइल (डॉकरने कुठले कंटेनर उभे करायचे त्याची यादी) उतरवली, सेटिंगची एन्व्ही फाइल भरली, 'डॉकर कंपोज अप' मारलं आणि सहा कंटेनर उभे राहिले: पीअरट्यूब, पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस, वेबसर्व्हर, सर्टबॉट, पोस्टफिक्स (मेल पाठवायला). पान उघडलं! तिथपर्यंत एक संध्याकाळ. त्यानंतर तीन आठवडे झाले.

रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड काय तेच कळलं नाही (नवीन खातं काढून भागवलं). सुरुवात 'चाचणी' नावाच्या सबडोमेनवर केली होती, आता मंडळाचं खरं डोमेन लावलं तरी व्हिडिओच्या लिंकमध्ये जुनंच नाव येतंय. दोन छोटे व्हिडिओ कसेबसे चढले होते, आता काहीही चढवलं की ४१३ ची चूक (फाइल फार मोठी). आणि त्यातला एक तीन तासांच्या नाटकाचा कापलेला पहिला अंक होता. त्याचं रूपांतर (वेबवर चालणाऱ्या प्रती बनवणं) रात्री नऊला सुरू झालं, सकाळी सातला ३८ टक्के, आणि तोवर साइट उघडायलाही तयार नाही. वर चित्रात हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. टीव्हीवर त्या कधी दिसल्या नव्हत्या.

कंपोज फाइल खाली चिकटवलीय. ओरडा, पण शिकवा.


बंदरपाल
१० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

ओरडायचं नंतर. एकेक घेऊ.

रूटचा पासवर्ड पहिल्यांदा सुरू होताना पीअरट्यूबच्या लॉगमध्ये छापून येतो. त्या कंटेनरचा लॉग उघडून 'रूट' शोध. नसेल सापडत तर कंटेनरमध्ये शिरून पासवर्ड रीसेटची स्क्रिप्ट चालव, सरळ नवीन विचारते.

डोमेनचं प्रकरण मात्र गंभीर आहे. इथे होस्टनेम म्हणजे दारावरची पाटी नव्हे की आज काढली, उद्या दुसरी लावली. प्रत्येक व्हिडिओ, खातं आणि चॅनेल यांच्या ओळखीतच ते नाव घुसलेलं असतं. पीअरट्यूब ॲक्टिव्हिटीपब (अशा सर्व्हरांची आपसातली भाषा) बोलतं, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरांनी तुझा व्हिडिओ त्या नावानेच नोंदवून ठेवलेला असतो. नाव बदलायची स्क्रिप्ट आहे, पण ती तुझ्या घरातल्या चोपड्या बदलेल, लोकांच्या नाही. तुझ्याकडे दोनच चाचणीचे व्हिडिओ आहेत. सगळं पाड आणि खऱ्या नावाने पुन्हा उभं कर. आज अर्ध्या तासाचं काम आहे, पन्नास नाटकं चढल्यावर रडारड होईल. पाडताना लक्षात ठेव, 'डाऊन' म्हटलं की कंटेनर जातात, डेटा तिथेच राहतो, डॉकर-व्हॉल्यूम नावाच्या फोल्डरमध्ये. तो फोल्डरही काढला नाहीस तर जुनं भूत परत येईल. (हीच गोष्ट एरवी तुझा जीव वाचवेल.)

४१३: मध्ये कधीतरी तू कंपोजमधल्या एनजिनएक्सच्या (म्हणजे त्या वेबसर्व्हरच्या) पुढे, कंटेनरबाहेर मूळ मशीनवर, आणखी एक एनजिनएक्स बसवलायस ना? फाइलमधले पोर्ट (जोडणीच्या दारांचे आकडे) बघून वाटतंय. त्याची आपोआपची मर्यादा १ एमबी असते. क्लायंट मॅक्स बॉडी साइझ वाढव, किंवा तो बाहेरचा काढूनच टाक. एका दाराला दोन दरवान कशाला?

आणि आता ओरडतो. तुझ्या फाइलमध्ये पोस्टग्रेसखाली ५४३२ पोर्ट बाहेर काढलाय. मूळ फाइलमध्ये तो नसतो. का काढलास?


जुनीपोळ
१० नोव्हेंबर, सकाळी ९.०२

घरच्या कंप्युटरवरून डेटाबेस बघता यावा म्हणून. पण यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूच्या फायरवॉलमध्ये) ५४३२ बंद आहे, आत्ताच स्टेटस पाहिलं. 'डिनाय' असं स्पष्ट लिहिलंय.


बंदरपाल
१० नोव्हेंबर, सकाळी ९.१०

फोनचं वायफाय बंद कर, मोबाइल डेटावरून तो पोर्ट लागतो का बघ. मग बोलू.


जुनीपोळ
१० नोव्हेंबर, सकाळी ९.२६

लागला. पोटात गोळा आला. हे कसं काय?


बंदरपाल
१० नोव्हेंबर, सकाळी ९.४५

डॉकर पोर्ट बाहेर काढताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मुळातल्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम लिहितं. बाहेरून आलेलं पॅकेट आधी कंटेनरच्या पत्त्यावर वळवलं जातं आणि 'फॉरवर्ड'च्या वाटेने निघून जातं. यूएफडब्ल्यूचा तुझा नियम बसलाय 'इनपुट'च्या दारात. पुढच्या दाराला कुलूप आहे आणि पाहुणे गच्चीवरून उतरतायत. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नाही, त्याला कुणी विचारतच नाही.

पोर्टची ती ओळ काढ. पीअरट्यूब आणि पोस्टग्रेस एकाच आतल्या नेटवर्कवर आहेत, त्यांना बाहेरचा पोर्ट लागतच नाही. तुला बघायचंच असेल तर आकड्याच्या आधी १२७.०.०.१ लिही आणि एसएसएचचा (सुरक्षित जोडणीचा) बोगदा काढून ये. आज पासवर्डही बदल. बाहेर फक्त ८० आणि ४४३ उघडे हवेत. १९३५ लाइव्हसाठी असतो, नको असेल तर तोही बंद.


सेवउसळ_जादा_तरी
१० नोव्हेंबर, दुपारी १.३०

मी बीकॉमवाला, चुकून या धाग्यात शिरलो. कंटेनर कंटेनर म्हणताय ते नक्की काय असतं? बंदरावरचे लोखंडी डबे सोडून.


लिनक्समावशी
१० नोव्हेंबर, दुपारी ४.०५

बाळा, तू बडोद्याचा आहेस ना, मग बंदर कशाला हवं. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. त्यांच्या वाचनालयांच्या योजनेत एक फिरती शाखा होती. पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जायच्या. पेटी ओट्यावर ठेवली, झाकण उघडलं, वाचनालय सुरू. गावाला कपाट करायला नको, यादी करायला नको. कंटेनर म्हणजे ती पेटी. प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या (बघ, शब्दही तोच) एकत्र बांधलेल्या. तुझ्या मशीनवर काय आहे नि काय नाही, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही.

आता समज, कुणी त्या पेटीतल्या पुस्तकात आपल्या घराची पावती खूण म्हणून ठेवली. पेटी परत गेली, दुसरी आली. पावती? गेली. म्हणून पावत्या आपल्या फडताळात ठेवायच्या. त्या फडताळाला डॉकरवाले व्हॉल्यूम म्हणतात. पेटी कितीदाही बदला.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये २६ वर्षं होते. मुलं पेटी कशी उघडायची ते दोन दिवसांत शिकायची. फडताळ कुठे आहे हे मात्र काहींना शेवटपर्यंत सांगता यायचं नाही.

जुनीपोळ, तुझ्या रूपांतराचं रात्री सविस्तर लिहिते. आत्ता भिशी आहे.


लिनक्समावशी
१० नोव्हेंबर, रात्री ११.२०

तर रूपांतर. दोन कोअरचं मशीन एफएफएमपेगला (रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) जुंपलं की वेबसाइटच्या वाट्याला काही उरत नाही. महागडा व्हीपीएस घेऊ नकोस. पीअरट्यूबमध्ये ५.२ पासून रिमोट रनर आहे. म्हणजे व्हिडिओ चढतो सर्व्हरवर, पण रूपांतराचं काम दुसरंच मशीन उचलतं: फाइल ओढून घेतं, रूपांतर करतं, परत पाठवतं. तुझा घरचा डेस्कटॉप चालेल. आणि रनर स्वतः सर्व्हरकडे जाऊन काम मागतो, त्यामुळे घराला बाहेरचा आयपी नसला तरी अडत नाही. ॲडमिनमध्ये नोंदणीचं टोकन मिळेल, ते रनरला दे. एका वेळी एकच काम ठेव, नाहीतर घरचे पंख्याच्या आवाजाने तुला बाहेर काढतील.

सेटिंगमध्ये एचएलएस आणि वेब व्हिडिओ हे दोन्ही प्रकार चालू ठेवलेस तर प्रत्येक रूपांतर दोनदा साठतं. एकच ठेव, एचएलएस. मिनीडीव्हीचं चित्र मुळात ७२० बाय ५७६. त्याला १०८० वर खूण करून काही मिळायचं नाही. मूळ रिझोल्यूशन आणि ३६० पुरे. गावाकडच्या आत्याला ३६० च लागेल.

आणि प्रेक्षकांमध्ये तुकडे वाटायची जी सोय आहे (एकाच वेळी बघणारे एकमेकांना पुरवतात), ती गणपतीत चाळीस घरं एकदम बघायला बसली तर कामाची. फक्त त्यात बघणाऱ्यांचे आयपी एकमेकांना दिसू शकतात, हे मंडळाला सांगून ठेव. नको असेल तर बंद करता येते.


पडद्यामागे
११ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

रेघांचं मी सांगतो, तीस वर्षं लग्नांची कॅसेट कापलीय. ती चूक नाही, इंटरलेसिंग आहे. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रं दाखवते, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या फील्डांचं, एकाआड एक ओळी. दोन फील्डांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. तेवढ्यात हात हलला की ओळी जुळत नाहीत. जुना टीव्ही फील्ड एकामागून एक दाखवायचा म्हणून दिसत नव्हतं. कंप्युटर दोन्ही एकदम दाखवतो.

चढवायच्या आधी घरीच एफएफएमपेगच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरमधून काढ. प्रत्येक फील्डचं एक चित्र करायला सांग, म्हणजे सेकंदाला ५० मिळतील आणि लावणीतल्या पावलांचा चटका राहील. २५ केलंस तर नाच चिखलात चालल्यासारखा दिसतो. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. उलट धरलंस तर माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत चालेल, लगेच कळेल.

आणि मूळ डीव्ही फाइल पुसू नकोस रे बाबा! "आता एमपी४ झालं" म्हणून लोक मूळ पुसतात. चढवायची प्रत वेगळी, मूळ वेगळं.

दुसरं, हक्कांचं बघितलंस का? साहित्यकृतीवरचा हक्क आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, तेव्हा जुनी संगीत नाटकं बरीचशी सुटलीत. पण कलाकाराचा स्वतःच्या प्रयोगावरचा हक्क ५० वर्षं. समजा तुमचा एखादा प्रयोग ९८ सालचा आहे, म्हणजे त्यातल्या प्रत्येकाला, नाहीतर घरच्यांना, विचारायला हवं. तबलजीलाही.


जुनीपोळ
११ नोव्हेंबर, रात्री ९.३०

खऱ्या नावाने पुन्हा उभं केलं. ४१३ गेला. रनर जोडला. बीडब्ल्यूडीआयएफमधून काढलेला एक तुकडा घरी आईला दाखवला. तिला रेघा गेल्याचं काही नाही, ती म्हणाली, "हा प्रॉम्प्टरचा आवाज एवढा येतो होय? तेव्हा कळलंच नाही." विंगेतून प्रत्येक वाक्य आधी ऐकू येतं आणि मग नायक तेच म्हणतो. साफ करायचा विचार होता, आता नाही करत.

संमतीचं खरंच डोक्यात नव्हतं. यादी करायला घेतलीय. ज्यांची मिळाली नाही त्यांचे व्हिडिओ 'इंटर्नल' ठेवतोय, म्हणजे आपल्या सर्व्हरवर खातं असलेल्यांनाच दिसतील.


इंदूरवाला
१२ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

इंदूरहून राम राम. आम्ही इथे दोन वर्षं चालवतोय, म्हणून दोन जखमा दाखवतो.

पहिली. अनंत चतुर्दशीला साइट बंद, डिस्क १०० टक्के. व्हिडिओ तेवढे नव्हतेच. बघतो तर डॉकरच्या लॉगची एकच फाइल ४१ जीबी. डॉकर आपोआप जेसॉन-फाइल पद्धतीने लॉग लिहितं आणि सांगितलं नाही तर कधीच कापत नाही. लॉगला मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल लावून कंटेनर नव्याने बनवा. नुसतं रीस्टार्ट करून जुन्या कंटेनरला ते लागू होत नाही, इथे मी आणखी एक संध्याकाळ घालवली.

दुसरी जखम माझ्या हुशारीची. कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसचा १३ खोडून नवीन आकडा टाकला. काय बिघडतंय, पेटीच तर बदलायची! पोस्टग्रेसने चक्क नकार दिला: डेटा जुन्या आवृत्तीचा आहे. मोठी आवृत्ती बदलली की फडताळातली मांडणीच वेगळी असते. आधी जुन्या कंटेनरमधून पीजीडम्प (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत), मग रिकाम्या फोल्डरवर नवीन पोस्टग्रेस, मग त्यात भरणं. आकडा परत १३ केला तेव्हा जीवात जीव आला. मावशींची पेटी पीअरट्यूबला लागू आहे, पोस्टग्रेसला अर्धीच.

नवीन खाती उघडी ठेवलीत का? बंद करा. आमच्याकडे एका रात्रीत औषधांच्या जाहिरातवाल्यांनी दोनशे खाती काढली होती.


सेवउसळ_जादा_तरी
१२ नोव्हेंबर, दुपारी २.००

एक बावळट प्रश्न. दर महिन्याला भाडं कशाला? मंडळाच्या खोलीत एक कंप्युटर ठेवला की झालं. वीज मंडळाची, जागा मंडळाची.


लिनक्समावशी
१२ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

बावळट नाही. दोन कारणं. घरगुती कनेक्शनवर बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, शेकडो घरं एकाच पत्त्यामागे असतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १०० ने सुरू होऊन पुढे ६४ ते १२७ मधला आकडा दिसला तर तोच प्रकार. मग बाहेरून कुणी तुझ्यापर्यंत येणार कसं? मधे छोटा व्हीपीएस ठेवून वायरगार्डचा बोगदा काढता येतो, पण मग भाडं आलंच.

दुसरं कारण विश्वामित्री नदी. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही समा भागात तळमजल्यावर होतो. पाणी आलं तेव्हा आधी गहू वर नेले, मग कागदपत्रं, मग फ्रिज उचलायचा प्रयत्न केला. कंप्युटर टेबलावर आहे, टेबल उंच आहे, राहू दे म्हटलं. रात्री टेबलच तरंगलं. सकाळी गच्चीवरून बघतो तर शेजारच्या गल्लीत मगरीसाठी लोक जमलेले, आणि माझ्या डोक्यात एकच, त्या डिस्कवर यजमानांच्या कीर्तनांची एकुलती एक प्रत होती. दुरुस्तीवाल्याने डिस्क उघडली तर आत गाळ.

म्हणून विचारते, जुनीपोळ, ८०० जीबीची दुसरी प्रत कुठे आहे?


जुनीपोळ
१२ नोव्हेंबर, रात्री ८.१५

...त्याच कपाटात. दुसऱ्या खणात.


बंदरपाल
१२ नोव्हेंबर, रात्री ८.३०

वाटलंच.

रविवारी एक डिस्क विकत घे आणि शहराबाहेर कुणाकडे तरी पाठव. सर्व्हरचं वेगळं: रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) पीजीडम्प. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करू नकोस, ती प्रत अर्धवट लिहिलेल्या वहीसारखी निघते. डम्पबरोबर डेटा फोल्डर, कॉन्फिग फोल्डर आणि एन्व्ही फाइल. एन्व्ही लोक विसरतात, आणि सर्व्हरची गुप्त किल्ली (सीक्रेट) त्यातच असते. हे सगळं व्हीपीएसच्या बाहेर गेलं पाहिजे.

आणि महिन्यातून एकदा घरच्या डेस्कटॉपवर त्या प्रतीतून सर्व्हर उभा करून बघ. उभा राहिला तर तो बॅकअप, नाहीतर नुसती फाइल.


जुनीपोळ
२१ डिसेंबर, सायंकाळी ६.१०

उशिरा लिहितोय, पण काम थांबलं नव्हतं. डिस्क पुण्याला बहिणीकडे गेली. तिने ती देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलीय, पूर येणार नाही म्हणते. बॅकअपवरून एकदा उभारून पाहिलं. पहिल्यांदा नाही झालं, डेटा फोल्डरची मालकी माझ्या नावावर आली होती. आतला पीअरट्यूब ९९९ क्रमांकाच्या युजरने चालतो, फोल्डर त्याच्या नावावर केलं आणि उठलं. ते आधीच कळलं हे बरं झालं.

मेल जात नव्हते. व्हीपीएसवाल्याकडे बाहेर जाणारा २५ पोर्टच बंद होता. पोस्टफिक्स कंटेनर काढून टाकला आणि मंडळाच्या मेलचंच एसएमटीपी (मेल पाठवायची सोय) ५८७ पोर्टवरून लावलं.

१९ नाटकं चढली. संमती ४० पैकी ३३ जणांची आली. एक काकू म्हणाल्या, माझा दुसरा अंक दाखव, पहिल्यात माझी वेणी सुटली होती. तिसऱ्या अंकाच्या एका कॅसेटचा पत्ता नाही, पाठीवर पेन्सिलने 'ति. अं.' लिहिलेली. कुणाकडे असेल तर सांगा.


पडद्यामागे
२२ डिसेंबर, सकाळी ९.००

रावपुऱ्यात आमच्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर तुमच्या मंडळाचा एक पिशवीभर माल आहे, तेव्हा कापायला आला होता, पैसे द्यायला कुणी आलं नाही. बघतो. मिळाली तर तेव्हाचे दीडशे रुपये अजून बाकी आहेत.


जुनीपोळ
१५ जानेवारी, दुपारी १२.२०

वासी उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाच्या) शुभेच्छा. दीडशे रुपये दिले, कॅसेट मिळाली, उतरवून झाली. काल दुपारी ती चढवली आणि रनरने काम उचललं. चारच्या सुमाराला कुणाची तरी पतंग आमच्या खांबावर अडकली, पोरांनी मांजा ओढला आणि पोळेतल्या (गल्लीतल्या) सगळ्या घरांचं नेट गेलं. सर्व्हर ठीक आहे, मोबाइलवरून बघतोय, आधीची नाटकं मजेत चालू आहेत. तिसरा अंक रांगेत '६१ टक्के' वर अडकलाय. तारवाला सोमवारी येतो म्हणालाय.

बंदरपाल, रनर मधेच गेला तर ते काम आपोआप परत रांगेत पडतं की मला ढकलावं लागतं?


बंदरपाल
१५ जानेवारी, दुपारी १२.५०

हात लावू नकोस. रनर बराच वेळ दिसला नाही की सर्व्हर ते काम स्वतःच परत रांगेत टाकतो. पण पुन्हा पहिल्यापासून होईल, ६१ वरून नाही. सोमवारपर्यंत जिलेबी-उंधियू खा.